घरच्या माणसांचे बेसावध चेहरे

सुरत आणि छायाचित्र हे दोन शब्द एकत्र आले की इतिहासाची आवड असलेल्या मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बहुधा एकच चित्र उभे राहते. डिसेंबर १९०७ मध्ये तापीकाठच्या या नगरीत राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले, जहाल आणि मवाळ यांची फारकत झाली, आणि त्याच दिवसांत जहाल पक्षाच्या पुढाऱ्यांचे एक समूहचित्र काढण्यात आले. मधल्या रांगेत लोकमान्य टिळक आणि अरविंद घोष, त्यांच्या दोहो बाजूंस सरदार अजितसिंग व सय्यद हैदर रझा, पुढे दादासाहेब खापर्डे आणि अश्विनीकुमार दत्त, मागे डॉ. मुंजे प्रभृती मंडळी उभी. सर्वांचे चेहरे स्थिर, नजरा समोर, पागोटी आणि उपरणी जागच्या जागी. २७ डिसेंबरला मंडपात जोडा भिरकावला गेला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला, खुर्च्या उडाल्या, लाठ्या उगारल्या गेल्या. या गदारोळाचा मागमूसही त्या चित्रात नाही. वादळ होऊन गेले आणि माणसे शांतपणे रांगेत बसली, एवढेच काय ते आपल्याला दिसते.

यात कोणाचाच दोष नव्हता. त्या काळचा वजनदार कॅमेरा, त्याची तिपाई आणि काचेची पट्टी यांना धावपळ मानवत नसे. माणसाने स्थिर बसावे, यंत्राने त्याच्याकडे पाहावे आणि माणसाने यंत्राकडे, असा तो परस्परांचा करार होता. हा करार राजकीय पुढाऱ्यांपुरता मर्यादित नव्हता. आपल्या घरोघरच्या भिंतींवर जे फोटो टांगलेले असत, तेही याच कराराने काढलेले. वेताची खुर्ची, शेजारी उंच तिवईवर फुलदाणी, मागे रंगवलेला पडदा, त्यावर कधी न पाहिलेल्या बागेतला कमानदार जिना. आजोबा बसलेले, आजी उभी. आजोबांच्या हातात काठी, आजीचा हात खुर्चीच्या पाठीवर. कोटाची बटणे गळ्यापर्यंत लावलेली. कित्येक घरांत दोन पिढ्यांची सारी दृश्य ओळख अशा तीन-चार चित्रांत संपते. हे लोक हसत कसे होते, जेवायला बसत कसे होते, दमून आल्यावर कोठे टेकत होते, याविषयी ती चित्रे चकार शब्द बोलत नाहीत.

म्हणूनच घरातल्याच कोणी, घरातल्या माणसांची, त्यांना सावध न करता काढलेली कृष्णधवल छायाचित्रे हा आम्हाला गांभीर्याने विचार करण्याजोगा विषय वाटतो. हौस म्हणून या प्रकाराची बोळवण करण्याची आपल्याकडे रीत आहे. वस्तुतः सामान्य कुटुंबाचा दुसरा कोणताही खरा इतिहास लिहिला जात नसताना, तेवढाच एक दस्तऐवज शिल्लक राहतो. आणि सुरतेसारख्या शहरात, जेथे लक्षावधी मराठी माणसे पोटामागे येऊन वसली, तेथे हा दस्तऐवज किती तोकडा आहे आणि जो आहे तो किती धोक्यात आहे, हे पाहिले की विषयाचे गांभीर्य ध्यानात येते.

प्रथम या कलेच्या साधनांविषयी. बेसावध चेहरा टिपणे ही इच्छेची बाब होण्यापूर्वी ती यंत्राची बाब होती. १८८८ साली कोडॅक कंपनीने गुंडाळी-फिल्मचा हातात धरण्याजोगा कॅमेरा बाजारात आणला, १९०० साली एक डॉलर किमतीचा ब्राउनी आणला, आणि छायाचित्र काढणे हे धंदेवाईकाच्या हातून निसटून घरच्या माणसाच्या हाती आले. पुढे १९२५ साली जर्मनीत लायका हा लहानखुरा कॅमेरा विक्रीस आला. तो खिशात मावे, त्याचा आवाज जेमतेम ऐकू येई, आणि एका गुंडाळीवर छत्तीस चित्रे निघत. सहजचित्रणाचे युग तेव्हापासून सुरू झाले असे म्हणण्यास हरकत नाही.

आपल्याकडे हे युग उशिरा आणि काटकसरीने आले. मध्यमवर्गीय घरात कॅमेरा आला तो बहुधा आग्फा क्लिक थ्रीच्या रूपाने. स्वातंत्र्योत्तर काळात भारतातच तयार होऊ लागलेला हा साधा पेटीवजा कॅमेरा आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. त्यात घालायच्या एका रोलवर चौकोनी बारा चित्रे निघत. पडद्याचा वेग एकच, सुमारे एक तीसांश सेकंदाचा, भिंगाचे अंतर ठरलेले, छिद्र लहान. याचा अर्थ असा की स्वयंपाकघराच्या काळोखात तो आंधळाच असे. घरातली माणसे त्याला दिसायची ती ओट्यावर, अंगणात, गच्चीवर किंवा खिडकीशी. आपल्या जुन्या आल्बमांत वाळवणे, पापड, गच्चीवरची पतंगबाजी आणि अंगणातली अंघोळ यांची चित्रे जास्त आणि चुलीजवळच्या बाईची चित्रे विरळा, याचे एक कारण आवडीनिवडीत आहे हे खरे. परंतु दुसरे कारण भिंगात आहे. फिल्मही पुढे देशी मिळू लागली. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याने १९६७ पासून उटकमंड येथे उत्पादन सुरू केले, आणि 'इंदू' या नावाची त्याची कृष्णधवल फिल्म व कागद गावोगावच्या स्टुडिओंतून दिसू लागले. तो कारखाना आता बंद पडला आहे.

बारा चित्रांच्या या मर्यादेने एक शिस्त लावली. रोल महाग, धुणावळ वेगळी, छपाई वेगळी. म्हणून चाप ओढण्यापूर्वी माणूस वाट पाहत असे. मुलगा पहिले पाऊल टाकतो आहे, बहीण सासरी निघताना मागे वळून पाहते आहे, वडील वर्तमानपत्र छातीवर ठेवून झोपी गेले आहेत. यांपैकी कोणत्या क्षणावर एक चित्र खर्च करावे, हा निर्णय करावा लागे. असा निर्णय ज्याला करावा लागतो, तो घरच्या माणसांकडे अधिक निरखून पाहू लागतो. छंदिष्टांपैकी काहीजण पुढची पायरी चढत. रात्री न्हाणीघराच्या झडपेला काळे कापड लावून, तांबड्या दिव्याच्या उजेडात तीन तबके मांडली जात: पहिल्यात चित्र उमटवणारे रसायन, दुसऱ्यात ते थांबवणारे सौम्य आम्ल, तिसऱ्यात चित्र पक्के करणारा हायपो. कोऱ्या कागदावर आईचा चेहरा हळूहळू उमटताना पाहणे हा ज्यांनी अनुभव घेतला, त्यांना त्याचे वेगळे वर्णन सांगण्याची गरज नाही.

कृष्णधवल चित्राचे आणखी एक वैशिष्ट्य व्यावहारिक आहे आणि ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. या चित्रातील काळेपणा म्हणजे सरसाच्या पातळ थरात बसलेले धातुरूप चांदीचे कण. हायपो नीट झाला असेल आणि कागद वाहत्या पाण्यात पुरेसा धुतला असेल, तर हे चित्र शंभर वर्षे सहज टिकते. १९७० नंतर घरोघर आलेले रंगीत फोटो मात्र सेंद्रिय रंगद्रव्यांचे बनलेले होते. ती द्रव्ये उजेडात आणि दमट उष्म्यात विटतात. निळा-हिरवा रंग आधी उडतो आणि उरतो तो तांबूस-पिवळा धुरळा. त्यामुळे आज कित्येक घरांत असा विपर्यास दिसतो की आजीच्या लग्नातले फोटो लख्ख आहेत आणि नातीच्या बारशातले फोटो लाल पडले आहेत.

आता सुरतेकडे वळू. मराठी माणसाचे सुरतेशी नाते शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७०च्या स्वाऱ्यांपुरते मर्यादित समजणे ही आपली जुनी खोड आहे. सुरतेच्या दक्षिणेस असलेली नवसारी बडोदे संस्थानच्या एका प्रांताचे ठाणे होती आणि गायकवाडीच्या चाकरीत मराठी घराणी त्या मुलखात नांदत होती. परंतु आजच्या सुरतेतील बहुसंख्य मराठी कुटुंबे त्या वंशावळीतली नव्हेत. ती आली खानदेशातून. जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून तापीच्या खोऱ्याने जाणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरतेला पोहोचला. पुढे यंत्रमाग वाढले, कापड रंगवण्या-छापण्याच्या गिरण्या वाढल्या, आणि कोरडवाहू शेतीला कंटाळलेला शेतकरी व शेतमजूर त्या मार्गाने खाली उतरला. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या वस्त्यांतून आजही अहिराणी कानी पडते. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालवते, ही गोष्टच या वस्तीच्या आकाराची साक्ष आहे.

या माणसांचा चित्ररूप इतिहास कोठे आहे? कापड बाजाराच्या इतिहासात गिरण्यांची चित्रे आहेत, उद्घाटनांची आहेत, मालकांची आहेत. यंत्रमागावर बारा तास उभा राहून पहाटे खोलीवर परतलेल्या माणसाचे चित्र काढण्यास कोण गेले? त्याच्या घरी कॅमेरा नव्हता. गावी फोटो पाठवायचा तर तो स्टुडिओत जाई, उसना कोट चढवी आणि रंगवलेल्या पडद्यासमोर उभा राही. त्या फोटोत तो सुखवस्तू दिसे. तसा दिसावा हाच त्याचा हेतू असे आणि त्यात गैर काही नव्हते. परंतु त्याचा नातू आज त्या फोटोवरून आजोबांचे खरे जिणे ताडू पाहील तर ते त्याला साधणार नाही. एखाद्या शिक्षकाच्या, रेल्वेतील कारकुनाच्या किंवा फिटरच्या घरी क्लिक थ्री असलाच, तर त्याने चाळीच्या सज्जात सहज काढलेल्या चित्रांत मात्र शेजारचे यंत्रमाग कामगारही येऊन जात: नळावरची रांग, पत्र्याचा डबा घेऊन निघालेला माणूस, कोळशाची शेगडी पेटवताना डोळे मिटलेली बाई. चित्र काढणाऱ्याच्या मनात घरचे मूल होते. इतिहासाच्या पदरात मात्र सारी चाळ पडली.

अशा खासगी चित्रांचे मोल कसे उशिरा कळते, याची उदाहरणे जगात आहेत आणि देशातही आहेत. फ्रान्समध्ये झाक आंरी लार्तिग हा १८९४ साली जन्मलेला श्रीमंत घरातला मुलगा वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापासून आपल्या भावंडांचे, चुलत्यांचे, मांजरांचे फोटो काढू लागला. जिन्यावरून उडी मारणारी बहीण हवेतच आहे, भावाने बनवलेले घरगुती विमान जमीन सोडते आहे, असे त्याचे विषय. ते आल्बम कपाटात पडून होते. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा हा 'मुलगा' एकोणसत्तर वर्षांचा होता. आणि विसाव्या शतकाच्या आरंभीचा युरोप जाणण्यासाठी लोक त्या घरगुती चित्रांकडे वळू लागले. आपल्याकडे रिचर्ड बार्थोलोम्यू यांचे उदाहरण अधिक हृद्य आहे. १९२६ साली ब्रह्मदेशात जन्मलेले, जपानी आक्रमणाच्या धामधुमीत भारतात आलेले, पुढे दिल्लीत नावाजलेले कलासमीक्षक आणि ललित कला अकादमीचे सचिव, एवढीच त्यांची ओळख होती. परंतु ते हयातभर पत्नी रती आणि पाब्लो व रॉबिन या मुलांचे कृष्णधवल फोटो काढीत राहिले: भाड्याच्या घरातील दुपार, झोपलेली मुले, वाचनात गढलेली बायको. १९८५ साली ते वारले. त्यांचे पुत्र पाब्लो, जे स्वतः नामवंत छायाचित्रकार झाले, त्यांनी जपलेल्या निगेटिव्हजमधून वडिलांची चित्रे छापून घेतली आणि २००९ साली ती पुस्तकरूपाने आली. निर्वासित म्हणून आलेल्या माणसाने नव्या शहरात घर कसे मांडले, याचा तो वृत्तान्त आहे. निगेटिव्हजची पेटी रद्दीत गेली असती तर तो वृत्तान्त आपल्याला मिळता ना.

या संदर्भात एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. घरच्या आल्बमात एक माणूस नेहमी गैरहजर असतो. तो म्हणजे फोटो काढणारा. आणि आपल्या समाजात कॅमेरा बहुतेक पुरुषाच्या हाती राहिल्यामुळे, घर जसे दिसते ते पुरुषाच्या नजरेने दिसते. बाईची नजर कोठे उमटली, तर ती पुष्कळदा निनावी राहिली. सुरतेजवळच्या नवसारीत १९१३ साली जन्मलेल्या होमाई व्यारावाला या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आज सर्वमान्य आहेत; २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि पुढच्याच वर्षी बडोद्यात त्यांचे निधन झाले. त्यांची सुरुवातीची चित्रे पतीच्या नावाने छापली गेली होती, हे विसरून चालणार नाही. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके यांनीही गोध्रा येथे छायाचित्रकार म्हणून काम केले होते. पुढे त्यांनी १९१९च्या 'कालिया मर्दन'मध्ये आपली कन्या मंदाकिनी हिलाच कृष्णाच्या भूमिकेत उभे केले. एका बापाने आपल्या लेकीच्या चेहऱ्यावरचे भाव टिपले, म्हणून ती चित्रफीत आजही पाहवते. परंतु फिल्म धुण्याचे, रसायने कालवण्याचे, फिल्मला छिद्रे पाडण्याचे काम ज्या सरस्वतीबाई फाळके करीत होत्या, त्या पडद्यावर नाहीत. ज्या घरात कॅमेरा आहे, त्या घरात तो अधूनमधून आईच्या हाती द्यावा, ही सूचना वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु तिच्या नजरेतून घर कसे दिसते हे अजून आपण फारसे पाहिलेले नाही.

दुसरा प्रश्न याहून नाजूक आहे. बेसावध माणसाचे चित्र काढण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? घरच्या माणसांनी आपल्यापुढे सावध राहू नये, हीच घराची व्याख्या आहे. केस विस्कटलेले, लुगड्याचा पदर ढळलेला, आजारात दात काढून ठेवलेले, रडून डोळे सुजलेले, अशा स्थितीत ती माणसे आपल्यासमोर वावरतात ती विश्वासाने. त्या विश्वासावर कॅमेरा रोखताना हात जरा थांबला पाहिजे. अमेरिकेत सॅली मान या छायाचित्रकर्तीने स्वतःच्या तीन मुलांच्या कृष्णधवल चित्रांचे पुस्तक १९९२ साली प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातील काही उघड्या देहांच्या चित्रांवरून तेथे मोठे वादंग माजले. मुलांची संमती घेता येते काय, आईला ती गृहीत धरता येते काय, या प्रश्नांची उत्तरे अजून एकमताने दिली गेलेली नाहीत. कलेच्या नावाखाली त्या प्रश्नाला बगल देणे आम्हाला मान्य नाही. तथापि त्या भीतीने केवळ सजूनधजून बसलेल्या माणसांचेच फोटो काढावेत, हेही पटत नाही. आमच्या मते मर्यादा काढण्यात कमी आणि दाखवण्यात अधिक असावी. काढलेले चित्र प्रथम ज्याचे त्याला दाखवावे. त्याने नको म्हटले तर ते मिटवावे. आणि घराबाहेर जाण्यापूर्वी पुन्हा विचारावे. आजोबांच्या शेवटच्या दुखण्यातले चित्र नातवाच्या पेटीत शोभते. तेच चित्र दूरध्वनीवरून पन्नास अनोळखी माणसांच्या हाती पडले की त्याचा अर्थ बदलतो. पूर्वी रोल धुवून यायला आठवडा लागे आणि तेवढ्यात विवेकाला सवड मिळे. आता ती सवड आपण होऊन काढावी लागेल.

आता धोक्याविषयी. ज्या तापीच्या खोऱ्याने खानदेशी माणूस सुरतेला आला, त्याच तापीने त्याच्या आणि इतरांच्याही घरातल्या आठवणी वाहून नेल्या. १९६८ साली सुरतेला मोठा पूर आला होता. पुढे १९७२ साली उकाई धरण पुरे झाले आणि शहर काहीसे निर्धास्त झाले. ऑगस्ट २००६ मध्ये मात्र त्याच धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि शहराचा बहुतांश भाग जलमय झाला. अडाजण, रांदेर यांसारख्या भागांत तळमजले बुडाले. लिंबायतसारख्या वस्त्यांना मिठी खाडीच्या पाण्याची धास्ती तर अजूनही पावसाळ्यात असते. पुरात भांडी धुऊन घेता येतात, धान्य पुन्हा भरता येते, फर्निचरला भरपाई मिळण्याची निदान आशा असते. कपाटाच्या खालच्या खणात ठेवलेल्या आल्बमची नोंद कोणत्याच पंचनाम्यात होत नाही. कोकणाने हेच दुःख चिपळूणला २००५ आणि २०२१ साली सोसले आहे, आणि किनारपट्टीवरचे कोणतेही गाव स्वतःला त्यातून वगळू शकत नाही.

येथे थोडी माहिती उपयोगी पडेल. भिजलेला फोटो म्हणजे गेलेला फोटो, अशी समजूत झाल्यामुळे लोक चिखलाने माखलेले आल्बम उकिरड्यावर टाकून देतात. प्रत्यक्षात चित्र नष्ट होते ते पुष्कळदा नंतरच्या घाईने. चित्राचा सरसाचा थर पाण्याने फुगतो; ओले फोटो एकमेकांवर तसेच वाळले की थर थराला चिकटतो आणि सोडवताना चेहराच उचकटून येतो. म्हणून ते वाळू न देता स्वच्छ थंड पाण्यात ठेवावेत, चित्राच्या बाजूला बोट न लावता हलकेच एकेक सुटे करावे, चिखल निथळू द्यावा आणि चित्र वर करून टिपकागदावर किंवा स्वच्छ कापडावर सावलीत वाळवावे. उन्हात ठेवू नयेत, इस्त्री फिरवू नये. हे काम दोन दिवसांत उरकावे. त्यानंतर थर सुटू लागतो आणि बुरशी चढते. निगेटिव्हजनाही हाच नियम. पूर नसतानाही चिकट पानांचे आल्बम टाळावेत. जुन्या पद्धतीचे काळ्या कागदाचे आणि कोपरे लावायचे आल्बम त्यांहून सुरक्षित. आणि आल्बम नेहमी वरच्या खणात.

याहून सोपे आणि याहून दुर्लक्षित काम म्हणजे नावे लिहिणे. ज्या फोटोतील माणसे ओळखणारी शेवटची व्यक्ती घरातून जाते, तो फोटो त्या दिवशी अनाथ होतो. मऊ पेन्सिलीने, मागल्या बाजूस, कडेला: कोण, कोठे, साधारण कोणते साल. शाईचे पेन वापरू नये, ती पुढे फुटते. घरात ऐंशी वर्षांची आजी असेल तर एका रविवारी दुपारी तिच्यापुढे आल्बम उघडून बसावे. ती नावे सांगेलच. त्याबरोबर कोण कोणाशी बोलत नव्हते आणि कोणाच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या, हेही सांगेल.

आजच्या पिढीकडे चित्रांची वाण नाही. एका वाढदिवसाला दोनशे फोटो निघतात आणि प्रत्येक दूरध्वनी-संचात रंग काढून चित्र काळेपांढरे करण्याची सोय असते. परंतु रंग काढल्याने चित्र जुन्या चित्रांइतके टिकाऊ होत नाही. संच हरवला, बिघडला, बदलला की पाच वर्षे नाहीशी होतात. पूर येण्याचीही आवश्यकता उरत नाही. दुसरे असे की, समोर भिंग धरलेले दिसताच लहान मूलसुद्धा आता ठरावीक हसू लागते. रंगवलेल्या पडद्यासमोरची ताठ पिढी आणि स्वतःकडे हात लांबवून हसणारी ही पिढी, यांत बेसावधपणाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. वर्षाकाठी बारा चित्रे निवडून ती कागदावर छापून घेण्याचा नेम एखाद्या कुटुंबाने केला, तर जुन्या रोलची शिस्त नव्या साधनांनाही लावता येईल.

सार्वजनिक पातळीवरही काही करता येण्याजोगे आहे. २०१० साली मुंबईत अनुषा यादव यांनी सुरू केलेला 'इंडियन मेमरी प्रोजेक्ट' आणि गोव्यात सेरेंडिपिटी कला महोत्सवाच्या आश्रयाने २०१९ पासून उभा राहिलेला 'गोवा फमीलिया' हा संग्रह, या दोहोंनी घरगुती छायाचित्रे आणि त्यांमागच्या हकीकती एकत्र करण्याचा मार्ग घालून दिला आहे. मूळ चित्र मालकाच्या घरीच राहते, प्रतिमा आणि आठवण तेवढी संग्रहात जाते. सुरतेतील मराठी शाळांनी आणि मंडळांनी हा उपक्रम उचलावा, असे आम्ही सुचवू इच्छितो. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील एक जुने चित्र आणावे, त्यातील माणसांची नावे आजी-आजोबांकडून लिहून आणावीत आणि ते चित्र काढले गेले तेव्हा घरात कोण कोठे काम करीत होते, हे दहा ओळींत लिहावे. सुरत महापालिकेचे सरदार संग्रहालय आहे. त्याच्या एका दालनात जर हे साहित्य गेले, तर ज्यांच्या श्रमावर या शहराचे कापड जगात गेले, त्या माणसांना शहराच्या स्मृतीत जागा मिळेल. गुजराती, उडिया, तेलुगू वस्त्यांनीही हेच केले तर उत्तमच.

१९०७च्या त्या समूहचित्रातील पुढाऱ्यांची नावे आपण शंभराहून अधिक वर्षे जपली, हे योग्यच झाले. त्याच सुरतेत नंतर लोहमार्गाने उतरलेल्या, ओट्यावर बसून दमल्या डोळ्यांनी चहा पिणाऱ्या, कोणीतरी आपला फोटो काढतो आहे याची वार्ताही नसलेल्या माणसांची नावे ठाऊक असणारी मंडळी अजून हयात आहेत. ती आहेत तोवर एक पेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ बसावे. येत्या पावसाळ्याआधी बसलेले अधिक बरे.